मोहल्ल्याला आणखी एक अ‍ॅप नको

मागच्या महिन्यात एका मित्राने ग्रुपवर लिहिलं, "आपल्या पोरांमध्ये डिप्रेशन वाढतंय. तू सॉफ्टवेअरवाला आहेस, समाजासाठी एक अ‍ॅप बनव. वर्गणी आम्ही काढतो." मी नाही म्हणालो. काहींना राग आला, म्हणून कारण इथे सांगतो.

चार वर्षांपूर्वी मी स्वतः आजारी होतो. पुण्यात चांगली नोकरी होती, पगार वेळेवर होता आणि मी पहाटे तीनपर्यंत छताकडे बघत पडलेला असायचो. अम्मीने दुआ पढून दम केला. मामू म्हणाले, "नमाजमध्ये कसूर होत असेल." मी नमाज सोडली नव्हती. शेवटी मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं. ते रोज मूड विचारायचं, श्वासाचे व्यायाम द्यायचं, सलग चाळीस दिवस आलो म्हणून शाबासकीही दिली. चाळिसाव्या दिवशी मी तितकाच आजारी होतो. ते माझं येणं मोजत होतं, बरं होणं नाही. असे आकडे मीही ऑफिसात रोज बघतो, त्यामुळे हे मला आधीच कळायला हवं होतं.

ऑनलाइन साधनं निरुपयोगी आहेत, असं मी म्हणत नाही. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी फुकट आहे. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले, तर डॉक्टरांना भेटावं. ते निदान नव्हे, इशारा आहे. माझे १७ आले. सीबीटीचे ऑनलाइन कार्यक्रमही उपयोगी पडतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. पण मागे एखादा प्रशिक्षित माणूस विचारपूस करत असेल तर फायदा जास्त होतो, हेही त्याच अभ्यासांत दिसलंय. एकट्याने सुरू केलेलं बरेच जण अर्ध्यात सोडतात.

आणि तुमची माहिती? २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले. लोकांची आरोग्यविषयक माहिती तिने जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना दिल्याचा आरोप होता. आपल्याकडे 'डोक्याची गोळी चालू आहे' एवढं कळलं तरी ठरलेला रिश्ता मोडतो. वर्गणीतून बनलेल्या अ‍ॅपमधली माहिती कोण सांभाळणार?

'ईमान कमजोर आहे' म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेलं दुःख आणि कारणाशिवाय येणारी उदासी यांत त्यांनी फरक केला. दुआ जरूर करा, पण डॉक्टरही दाखवा.

मित्र म्हणेल, डॉक्टर आहेत कुठे? प्रश्न खरा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात डिप्रेशनच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. पण १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीतही. पलीकडे माणूस बोलतो. जीव नकोसा झाला असेल तर अ‍ॅप उघडत बसू नका, हा नंबर लावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा तुमचा हक्क केला आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. वर्गणी काढाच. त्यातून प्रत्येक मोहल्ल्यात दोन मुलं आणि दोन मुली ऐकून घ्यायला शिकवा. जुम्याला मशिदीत १४४१६ सांगा. पहिल्यांदा दवाखान्यात जाणाऱ्याच्या रिक्षाभाड्याची आणि सोबतीची सोय करा.

माझे १७ गुण आले, तरी मी तीन आठवडे घरातच होतो. मला डॉक्टरांकडे नेलं ते रूममेटने, स्वतःची रजा टाकून. बाहेर बाकावर तो दोन तास बसून होता.