स्लॅबला चौदा दिवसांचे पाणी

राळेगाव तालुक्यात कुडाच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर जाऊन स्लॅबची घरे येत आहेत. पावसाळ्यात ज्यांनी घरभर भांडी मांडून रात्री काढल्या, त्यांना कुणी मातीच्या घराचे कौतुक सांगू नये. मात्र स्लॅबमध्ये कोणते सिमेंट जाते, हे विचारायला हवे.

चुनखडी सुमारे १४५० अंशांच्या भट्टीत भाजून क्लिंकर तयार होतो. इंधनाचा धूर निघतोच, पण त्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड खुद्द चुनखडीतून बाहेर पडतो. जगभरात माणूस हा वायू जितका हवेत सोडतो, त्यातला सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. म्हणजे उपाय एकच : क्लिंकर कमी वापरणे.

तो उपाय दुकानात आहे. पीपीसी, अर्थात राखेच्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. कोळशाच्या वीज केंद्रांची ही राख. आपल्या शेजारच्या चंद्रपुरात तिला तोटा नाही. पण गावात राख म्हटले की भेसळ! वास्तविक सिमेंट भिजल्यावर जो चुना सुटतो, त्याच्याशी राखेचा संयोग होऊन काँक्रीट अधिक घट्ट होते. फक्त हे काम सावकाश चालते. मिस्त्रीला ५३ ग्रेड आवडते ते यामुळेच. ते लवकर आवळते, सेंट्रिंग लवकर निघते, भाडे वाचते.

खरी अडचण पाण्याची आहे. काँक्रीटचे भारतीय मानक, आयएस ४५६, सांगते की उष्ण, कोरड्या हवेत असे मिश्र सिमेंट किमान १४ दिवस ओले ठेवावे. साधे असेल तर १०. आणि आपल्याकडे स्लॅब पडतात कधी? बँकेत माझी हयात गेली, म्हणून सांगतो, सरकारी पैसा ३१ मार्च पाहून धावतो. हप्ता मार्चअखेर मिळतो, स्लॅब एप्रिल-मेमध्ये पडतो. पारा ४४-४५ अंशांवर, हातपंप कोरडा. आणि स्लॅबवरच्या आळ्यांत ओतायचे पाणी डोक्यावरून आणते ती घरची बाई. चौथ्या दिवशी ती थकली आणि स्लॅबला तडे गेले, तर बदनाम होते राख.

म्हणून हवेची चिंता करणाऱ्यांनी आधी हप्त्यांची तारीख बदलून घ्यावी. घरकुलाचा पैसा दिवाळीच्या सुमारास मिळू द्या. तेव्हा कापसाची वेचणी असते, हे खरे. पण तेव्हाच विहिरीला पाणी असते आणि घरात कापसाचे चार पैसे येतात. अंदाजपत्रकात सिमेंट, गिट्टी, सळई यांच्याबरोबर पाण्याचा खर्च आणि सेंट्रिंगचे वाढीव भाडेही धरा. गरिबाने पर्यावरणाची पदरमोड करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

राखेचे सिमेंट जरूर निवडा. पण त्याला लागणारे चौदा दिवस आणि चौदा दिवसांचे पाणी कोण देणार, हे मंजुरीच्या कागदावरच लिहिलेले असू द्या.