पदोन्नती नाकारण्याचा अर्ज

सरकारी कार्यालयांत एक अर्ज वर्षानुवर्षे जवळपास त्याच शब्दांत लिहिला जातो. ‘घरगुती अडचणीमुळे मी सदर पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे.’ खाली सही आणि तारीख. जिल्हा परिषदेची शाळा असो, रुग्णालय असो की तहसील कचेरी, हा अर्ज सर्वांच्या ओळखीचा आहे. तो एखाद्या स्त्रीचा असेल तर वरिष्ठ त्यावर दुसरा प्रश्न विचारीत नाहीत. घरगुती अडचण म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारीत नाही आणि तीही सांगत नाही.

ज्येष्ठ वाचकहो, आज त्या दोन शब्दांविषयी आपल्याशी बोलायचे आहे, कारण पुष्कळदा ती अडचण म्हणजे आपण असतो. वाक्य कठोर वाटेल, पण ते दोष देण्यासाठी लिहिलेले नाही. म्हातारपण आणि पक्षाघात कोणी मागून घेत नाही. तरीही आपल्या आजारपणाच्या नावाने घरात जो निर्णय होतो, त्यात आपलाही एक शब्द असतो, आणि बहुतेक वेळा तो आपण उच्चारलेलाच नसतो.

काटोलसारखे गाव डोळ्यांसमोर आणा. नागपूर येथून साठेक किलोमीटर. एसटी आहे, रेल्वे आहे, तरी जाण्यायेण्यात दिवसाचे तीन-चार तास सहज जातात. येथील एखाद्या अधिपरिचारिकेला वीस वर्षांच्या सेवेनंतर परिसेविकेचे पद मिळते, पण रिकामी जागा नागपूरला किंवा त्याहून लांब असते. घरी सासरे अंथरुणावर आहेत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, भरवताना पाठीला आधार देऊन बसवावे लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती. हे सारे तिला उत्तम येते, कारण तिचा व्यवसायच तो आहे. आणि तिला येते म्हणून घरातील दुसरे कोणी ते शिकलेले नाही. अशा घरात तिला ‘जाऊ नकोस’ असे कोणी म्हणत नाही. म्हणतात ते एवढेच, ‘तुझं तू पाहा.’ या तीन शब्दांचे वजन मनाईहून अधिक असते. मनाई असती तर तिच्याशी वाद तरी घालता आला असता.

या नकाराचा हिशेब लगेच दिसत नाही. पदोन्नती नाकारली की पुढची संधी लांबते, मागून आलेले पुढे जातात, वेतन खालच्या श्रेणीत राहते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी अंशदायी निवृत्तिवेतन योजना लागू झाली. तिच्यात जमा होणारी रक्कम पगाराच्या प्रमाणात असते. जुन्या योजनेतही निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनावरच बेतलेले असे. म्हणजे आज आपल्या पलंगाशेजारी राहण्यासाठी ती जे सोडते, ते तिच्या स्वतःच्या म्हातारपणातून वजा होते. स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक वर्षे जगतात. शेवटची काही वर्षे अनेकींना एकटीने काढावी लागतात. या स्तंभात आपण वार्धक्यातील औषधे, आहार आणि व्यायाम यांविषयी बोलत असतो. पुढच्या पिढीतील एका स्त्रीचे वार्धक्य आज आपल्याच घरात घडत आहे, हाही त्याच चर्चेचा भाग आहे.

घराबाहेरही तिच्या वाटेत फारशी मदत नसते. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते. घरकाम करणारा पुरुष ९७. घरकाम न करणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत, हे ध्यानात घ्यावे. बालसंगोपनासाठी केंद्र शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा मिळते, महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून १८० दिवस दिले. बाळाचे अस्तित्व नियमांनी मान्य केले. अंथरुणावरच्या आईवडिलांसाठी मात्र तिला आपल्याच शिल्लक रजेतून दिवस मोजून काढावे लागतात. तान्हे मूल वर्षागणिक मोठे होत जाते, आजारी वृद्धाच्या सेवेला अशी मुदत नसते, ही गोष्ट रजेच्या नियमांना अजून उमगलेली दिसत नाही.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या नागपुरातच याचे एक लखलखीत उदाहरण आहे. कमलाताई होस्पेट यांचा जन्म १८९६ चा, खानदेशातील. लहानपणी लग्न आणि कोवळ्या वयात वैधव्य. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला घरातला एक कोपरा येई. कमलाताईंनी नागपूरच्या डफरीन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. परक्या बायकांची बाळंतपणे करणे हे ‘चांगल्या घरातील’ स्त्रीचे काम नव्हे, असे मानले जाण्याचे ते दिवस. १९२१ साली कमलाताईंनी आणि त्यांच्या सहकारी वेणूताई नेने यांनी सीताबर्डीवर एक छोटेसे प्रसूतिगृह सुरू केले. सुरुवात चार खाटांची होती. त्यातून मातृसेवा संघ उभा राहिला आणि त्याच्या शाखा विदर्भातील गावोगावी गेल्या. १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली.

त्यांच्या सेवावृत्तीचे कौतुक आपण पूर्वीपासून ऐकत आलो आहोत. मला त्यातली दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. शाखा उघडायची म्हणजे केवळ खाटा टाकायच्या नाहीत. तेथे अडलेली बाळंतीण हाताळणारी, रात्री डॉक्टरांना कधी बोलवायचे हे ठरवणारी, जमाखर्च लिहिणारी, देणगीसाठी शेठजींच्या पेढीवर जाणारी आणि नगरपालिकेत अर्ज घेऊन उभी राहणारी बाई हवी. अशा बाया आयत्या मिळत नव्हत्या. त्या घडवाव्या लागल्या असणार; एकीने दुसरीला शिकवून, जवळ ठेवून आणि मग तिच्यावर कारभार टाकून. आज यालाच नेतृत्वविकास म्हणतात आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पंचतारांकित हॉटेलांत शिबिरे भरवतात. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे आहे: प्रारंभी त्या दोघी होत्या. एकटीने धाडस केले असे आपण चरित्रांत वाचतो, पण शेजारी कोणी तरी वेणूताई असल्याशिवाय असले धाडस टिकत नाही. पुढे याच संघाने समाजकार्याचे महाविद्यालय काढले आणि पंचवटी वृद्धाश्रमही चालवला. बाळंतिणीपासून सुरू झालेले काम वृद्धांपर्यंत आले.

घरातील ज्येष्ठ स्त्रिया अशा वाटेत काय करू शकतात, याची उलटी बाजूही आपल्या वाङ्मयात नोंदलेली आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात, त्या लिहायला-वाचायला शिकू लागल्या तेव्हा घरातील बायकांनी त्यांना किती टोचून बोलले, ते सारे आहे. पती न्यायमूर्ती असूनही माजघरातला तो जाच चुकला नाही. त्याच रमाबाईंनी पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून अनेक स्त्रियांना शिक्षिका आणि परिचारिका केले. माजघराने साथ दिली असती, तर त्यांची कितीतरी शक्ती वाचली असती.

सध्याच्या काळातले उदाहरण हवे असेल तर आपल्या दारी येणाऱ्या आशाताईंकडे पाहा. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरून घेण्यासाठी, रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासणीला पाठवण्यासाठी ती येते. दहा-वीस गावांतल्या अशा आशाताईंच्या मागे एक गटप्रवर्तक असते, तीही स्त्रीच. नव्या आशाबरोबर ती घरभेटीला जाते, नवजात बाळाचे वजन कसे करायचे ते दाखवते, नोंदवही तपासते, अवघड घरात स्वतः बोलते. आशाताईंच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गौरवले. त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र आंदोलने होऊनही पुरता सुटलेला नाही. काम शिकवण्याची ही पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. वर्गात बसवून भाषण देण्यापेक्षा दोन घरे बरोबर फिरणे अधिक शिकवून जाते.

आता आपल्यापैकी ज्या निवृत्त परिचारिका, मुख्याध्यापिका, बँक अधिकारी, ग्रामसेविका, अंगणवाडी पर्यवेक्षिका आहेत, त्यांच्याशी थोडे स्वतंत्रपणे बोलतो. आपल्याला जे ठाऊक आहे ते कोणत्याही पुस्तकात नाही. ड्युटीचा तक्ता लावताना सणाच्या रात्रपाळ्या कोणाला द्यायच्या म्हणजे कुरबुर होणार नाही. बैठकीत आपले म्हणणे कोणी तरी उचलून स्वतःच्या नावावर खपवले तर शांतपणे ते परत कसे घ्यायचे. वरिष्ठांना तोंडी सांगितलेले संध्याकाळी दोन ओळींत लेखी का द्यायचे. हाताखालच्या वयाने मोठ्या माणसाला चूक कशी दाखवायची. नवी परिसेविका हे सगळे ठेचा खात शिकते, आणि पहिल्या सहा महिन्यांत तिला वाटू लागते की हे पद आपल्यासाठी नव्हतेच. तेवढ्या सहा महिन्यांसाठी तिला आपली गरज आहे.

फार काही करावे लागत नाही. एकच मुलगी निवडा. आपल्या नात्यातली नसेल तर अधिक बरे. नात्यात सल्ल्याची आज्ञा व्हायला वेळ लागत नाही. पंधरा दिवसांतून एकदा तासभर तिला घरी बोलवा किंवा दूरध्वनीवर बोला. आधी तिचे ऐका. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द पहिला अर्धा तास तोंडातून येऊ देऊ नका. उत्तर देण्याची घाई झाली की तिला विचारा, ‘तुला काय करावंसं वाटतं?’ तिने सांगितलेले बाहेर जाऊ देऊ नका; काटोलात बातमी बाजार चौकातून बसस्थानकापर्यंत पोहोचायला चहाचा एक कप पुरतो. आणि जिथे आपला शब्द अजून चालतो, एखाद्या संस्थेत, समितीत, जुन्या सहकाऱ्यांत, तिथे तिचे नाव घ्या. सल्ला पुष्कळ जण देतात. ती समोर नसताना, ‘हे काम तिच्याकडे द्या’, असे म्हणणारे थोडे असतात, आणि पद मिळते ते बहुधा त्यांच्यामुळे.

यात आपलाही लाभ आहे. निवृत्तीनंतर अनेकांची झोप, भूक आणि स्मरण एकदमच बिघडते. त्यामागे शरीराइतकेच रिकामपणही असते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात साठीपुढच्या लोकांना आठवड्याला सुमारे पंधरा तास प्राथमिक शाळांत मुलांना शिकवण्याच्या मदतीला बोलावले गेले आणि त्यांच्या प्रकृतीचा अभ्यास झाला. त्यांची हालचाल वाढली, आणि काहींच्या बाबतीत नियोजन आणि स्मरण या क्षमतांतही सुधारणा दिसली. कोणाला आपली गरज आहे ही जाणीव औषधाची जागा घेत नाही, पण सकाळी उठण्याला कारण देते. मधुमेहाच्या रुग्णाला फिरायला जा असे दहादा सांगून जो जात नाही, तो कोणी वाट पाहत असेल तर चालत जातो.

राहिले ते अंथरुणावरचे वाचक आणि त्यांची शुश्रूषा करणारी मंडळी. आपण खिळलेले असलो तरी एक गोष्ट आपल्याच हातात आहे. पदोन्नतीचा कागद घरात येईल तेव्हा पहिल्यांदा बोला. ‘माझं काय होईल’ ही भीती खरी आहे, ती लपवू नका. पण ती सुनेपुढे न मांडता सगळ्या घरापुढे मांडा. मग प्रश्न तिचा एकटीचा राहत नाही. मुलाने, नातवाने कूस बदलणे, पाठ पुसणे, लघवीचे भांडे देणे शिकायला हवे. तिच्याचकडून आठ दिवसांत शिकता येते, त्यात अवघड काही नाही. पुरुषाच्या हाताला ते जमत नाही, हा समज रुग्णालयातील पुरुष परिचारक रोज खोटा ठरवतात. आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरून ठेवाव्यात, पलंगाजवळ एका जाड पुठ्ठ्यावर औषधांची वेळ, पथ्य आणि डॉक्टरांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून लावावा. दिवसा काही तास मदतनीस ठेवणे परवडत असेल तर तो खर्च तिच्या वाढीव पगारातून वजा न करता घराच्या सामायिक खर्चात धरावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. माहिती, मार्गदर्शन किंवा नुसता धीर हवा असला तरी तेथे फोन करता येतो.

सगळ्याच घरांत हे जमेल असे नाही. जिथे माणूसबळच नाही, जिथे आजार फार पुढे गेला आहे, तिथे ती स्वतःहून थांबली तर तो तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवावा. फक्त तो निर्णय विचारून, बोलून झालेला असावा. त्या अर्जात ‘घरगुती अडचण’ लिहिण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने ती अडचण एकदा तरी पाहिलेली असावी.

आणि ती गेलीच, तर पहिल्या महिन्यात काहीतरी बिनसेल. संध्याकाळची गोळी दुपारी दिली जाईल, भात कडक होईल, चादर ओली राहील. तेव्हा तिला नागपूरला फोन लावू नका. शेजारच्या खोलीतल्या मुलाला हाक मारा.