परदेशात शिका, पण जातीवर बोलू नका!

हिंगोली जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ नाही. इथली महाविद्यालये नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेली. सेनगाव-कळमनुरीच्या बौद्ध पोराला परदेशी शिकायचे तर सरकारी दरवाजे दोनच. एक राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, दुसरी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. केंद्राच्या जागा देशभरात अवघ्या 125!

त्यातही 2022 मध्ये केंद्राने अट घातली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यासाला पैसे मिळणार नाहीत. हे विषय म्हणे भारतातच शिकता येतात. मग सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनी 9 मे 1916 रोजी तिथे 'भारतातील जाती' हा निबंध वाचला, तो या अटीत कुठे बसला असता?

संविधानाचे कलम 46 अनुसूचित जातींचे शैक्षणिक हित जपायला सांगते. त्यांनी कोणत्या विषयावर बोलू नये हे ठरवायला नव्हे. अभियांत्रिकीला जा, जरूर जा. पण बापाच्या पैशावर गेलेल्याने आमच्या वस्तीवर खुशाल प्रबंध लिहावा आणि त्या वस्तीतल्या पोराने लिहू नये, हा कुठला सामाजिक न्याय? या अटीपायी किती अर्ज नाकारले, याचा हिशेब हिंगोलीच्या खासदारांनी लोकसभेत मागावा.