इंटरनेटचे मूळ दप्तर आणि एक पुसलेली सही

१/ ३० सप्टेंबर २०१६ च्या मध्यरात्री अमेरिकेच्या वाणिज्य खात्याचा एक करार संपला. तो थांबवावा म्हणून ४ राज्ये न्यायालयात गेली होती; टेक्सासमधील न्यायाधीशांनी त्याच दिवशी स्थगिती नाकारली. ‘अमेरिकेने इंटरनेट देऊन टाकले’, अशी एका बाजूने ओरड झाली. ‘इंटरनेट जगाचे झाले’, असा दुसऱ्या बाजूने जयघोष झाला. कागदपत्रांपुढे दोन्ही विधाने टिकत नाहीत.

२/ करार होता तो मूळ दप्तराचा, म्हणजे रूट झोनचा. ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ यांसारखी सर्वोच्च नावे आणि त्यांची पुढची चौकशी कोणत्या सर्व्हरकडे करायची, याची ही यादी. यादी छोटी, पण तीतून एखादे नाव गळले, तर त्याखालची सारी संकेतस्थळे बेपत्ता. गादीवर कोणीही असो, दप्तर सांभाळणाऱ्या फडणिसाचे वजन काय असते, हे पेशवाईच्या अभ्यासकांना सांगायला नको.

३/ या दप्तराचे पहिले फडणीस जॉन पोस्टेल, कॅलिफोर्नियातील एक संगणकशास्त्रज्ञ. २८ जानेवारी १९९८ रोजी त्यांनी रूट सर्व्हर चालवणाऱ्या ८ जणांना ईमेल पाठवला: मूळ यादी ‘नेटवर्क सोल्युशन्स’ या कंत्राटदार कंपनीच्या यंत्रावरून न घेता त्यांच्या यंत्रावरून घ्यावी. आठही जणांनी ऐकले! क्लिंटन सरकारचे सल्लागार आयरा मॅगझिनर संतापले, तेव्हा पोस्टेल यांनी ‘ही चाचणी होती’ असे म्हणत बदल मागे घेतला. या प्रकरणातील सर्वांत बोलका दिवस हाच. हुकूम सरकारचा होता, पण यंत्रे चालत होती ती चालकांच्या विश्वासावर.

४/ त्याच वर्षी ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली आणि ऑक्टोबरमध्ये पोस्टेल वारले. सरकार २००० पर्यंत बाजूला होणार होते. लागली आणखी १६ वर्षे. तोवर यादीतील प्रत्येक बदलाला वाणिज्य खात्याची मंजुरी लागे. मराठी आणि कोकणीलाही सामावणारे देवनागरी ‘डॉट भारत’ २०१४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. ते यादीत चढले तेही याच वाटेने. अडवणूक झाली की नाही, हा प्रश्नच नव्हे. स्वतःच्या लिपीतील देशाच्या नावावर परक्या खात्याचा शेरा लागावा, हेच खटकणारे होते.

५/ स्नोडेन यांच्या २०१३ मधील गौप्यस्फोटांनंतर ही व्यवस्था अधिकच अवघडली. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेने माघार जाहीर केली, पण एका अटीवर: देखरेख सरकारांच्या हाती जाणार नाही. भारताने २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेमकी ५० देशांची समिती सुचवली होती. जून २०१५ मध्ये मंत्री रविशंकर प्रसाद यांनी सरकारे, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरिक अशा सर्वांच्या सहभागाला पाठिंबा दिला. हे वळण योग्यच होते. २०२२ मध्ये युक्रेनने रशियाचे ‘डॉट आरयू’ हे नाव रद्द करण्याची मागणी केली आणि आयकॅनने काही दिवसांतच नकार दिला. आक्रमण झालेल्या देशाला तो नकार कडू लागणारच. पण एकदा दप्तर शस्त्र म्हणून वापरले गेले, की पुढच्या युद्धात पुढचे नाव. ५० सरकारांच्या समितीला असा नकार इतक्या लवकर देता आला असता, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

६/ मात्र ‘जागतिक समुदाय’ हा शब्द जपूनच वापरलेला बरा. ‘डॉट ओआरजी’ सांभाळणारी संस्था १.१३५ अब्ज डॉलरला एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकण्याचा घाट २०१९ मध्ये घातला गेला. जगभरातील सेवाभावी संस्थांनी विरोध केला. संचालक मंडळ हटवण्यापर्यंतचे अधिकार समुदायाला २०१६ मध्येच मिळाले होते. तरी आयकॅनने ३० एप्रिल २०२० रोजी व्यवहार नाकारला, तो कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्याचे कडक पत्र आल्यावर दोन आठवड्यांनी. आयकॅनची नोंदणी त्याच राज्यातली. म्हणून त्या पत्राला धार होती. मुंबई किंवा नैरोबीहून गेलेल्या पत्राला ती आली नसती.

७/ आणि यादीची फाइल? ती आजही व्हर्जिनियातील ‘व्हेरीसाइन’ ही कंपनीच तयार करते. फक्त तिचा करार आता वाणिज्य खात्याशी नसून आयकॅनशी आहे.