पोत्याचा भाव, पोत्यातलं पाणी

या आठवड्यात मुरबाडच्या बाजारात एकच विषय: गिरणीचं कोंबडीखाद्य ब्रँडच्या पोत्यापेक्षा दीडशे रुपयांनी स्वस्त. शहापूरकडचे शेडवालेसुद्धा टेम्पो घेऊन आले म्हणे. २०२१ साली खाद्यात लागणारी सोयापेंड इतकी भडकली की केंद्राला १२ लाख टन जीएम पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. त्या वर्षी रडकुंडीला आलेले लोक आज पोत्यात हात घालून, वास घेऊन, 'माल बरा आहे' म्हणतात. एवढी पारख म्हशाच्या जत्रेत बैल घेतानाही कोणी पुरेशी मानत नाही.

जुनंच गणित पुन्हा मांडतो. पन्नास किलोचं ब्रँडचं पोतं २,०५० ला धरा, गिरणीचं १,९०० ला. हजार पक्षी, प्रत्येकी दोन किलोला उचलायचे. ब्रँडच्या खाद्यावर एफसीआर (किलोभर वजनाला लागणारं किलो खाद्य) १.६ बसला तर ६४ पोती लागतील, १,३१,२०० रुपये. गिरणीच्या खाद्यावर १.८ बसला तर ७२ पोती, १,३६,८०० रुपये. दीडशेची बचत करून साडेपाच हजार वर मोजले. शिवाय पक्षी आठवडाभर उशिरा उचलला, तर त्या दिवसांची वीज, तूस, मरतूक वेगळी. एफसीआर दोघांचा सारखाच निघाला तर गिरणीवाला जिंकला, मी टाळ्या वाजवीन. पण सारखा निघतो की नाही हे वहीत लिहिलंय कोणी? शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीच्या बर्ड फ्लूनंतर आपण पक्षी मोजायला शिकलो, खाद्य मोजायला नाही.

आता माझं नेहमीचं रडगाणं: ओलावा. भारतीय मानक (आयएस १३७४) खाद्यात ११ टक्क्यांपर्यंत ओल चालवून घेतं. खरिपाचा ओला मका ऊन न दाखवता भरडला की ती १४ वर जाते. म्हणजे पोत्यामागे दीड किलो जादा पाणी, चाळीस रुपये किलोने साठ रुपये. दीडशेतले साठ तिथेच गेले, आणि वर बुरशीची भीती. आपल्याकडच्या पावसाळ्यात, सिद्धगडाच्या ढगाखाली ठेवलेलं पोतं स्वतःहून कधी कोरडं होत नाही. गिरणीत ओलावा मोजायचं यंत्र दिसतं का, ते आधी बघा. दिसलं तर मला कळवा, हार घेऊन येतो.

लेबलवरची 'प्रथिने २० टक्के' ही ओळही डोळे मिटून वाचू नका. मका हल्ली इथेनॉलच्या कारखान्यात जातो आणि तिथून उरलेली डीडीजीएस खाद्यात येते. सोयापेंडीपेक्षा स्वस्त, प्रथिनांचा आकडाही छान, पण लायसिन कमी. शिवाय मका बुरशीचा असेल तर त्यातलं अफलाटॉक्सिन डीडीजीएसमध्ये जवळपास तिप्पट होऊन येतं. आपली गिरणी ती किती घालते? माझ्याकडे प्रयोगशाळेचा कागद नाही. पण पोतं एकाएकी दीडशेने उतरलं की मला पेट्रोलपंप आठवतो.

करारावर पिल्लं घेणारे म्हणतील, आम्हाला काय, खाद्य कंपनीचं. तुमच्या हिशोबाच्या कागदावर खाद्याचा दर कंपनीनेच लिहिलेला असतो आणि वाढीचे पैसे त्यावरून ठरतात. तो दर गिरणीच्या दराशेजारी ठेवून कधी पाहिलात?

नारिवलीकडच्या पाड्यांवर दहा-पंधरा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बायांना मात्र यातलं काहीच लागू नाही. भाताच्या गिरणीचा कोंडा, कणी, वाळवी आणि अंगण. त्यांनी फिनिशरचं (उचलणीआधीच्या खाद्याचं) पोतं उचलू नये, ब्रँडचं नको आणि गिरणीचंही नको. फक्त कोंडा ताजा घ्यावा, साठवला की खवट होतो.

बाकीच्यांनी पुढच्या बॅचला शेडमध्ये मधे जाळी लावा. एकाच दिवशीची पिल्लं, एका बाजूला हे पोतं, दुसऱ्या बाजूला ते. दर आठवड्याला दोन्हीकडचे पन्नास पक्षी वजन करा, पोती वहीत मांडा, मेलेलेही लिहा. आकडे मला पाठवा. गिरणीवाल्याला आधी सांगू नका, नाहीतर त्या महिन्यापुरतं पोतं झकास येईल.