डॉक्टरांचं ‘अपडेट’ नेमकं कुठे अडकतं? कफ सिरप, ओआरएस आणि आपण

ऑक्टोबर २०२५ मध्ये लहान मुलांच्या औषधांबद्दल दोन मोठ्या बातम्या आल्या.

पहिली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची. सर्दी-खोकल्यासाठी कोल्ड्रिफ नावाचं सिरप दिलेल्या मुलांच्या किडन्या निकामी झाल्या आणि २० हून जास्त मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना शेवटच्या टप्प्यात नागपूरच्या हॉस्पिटल्समध्ये हलवलं होतं. तमिळनाडूत झालेल्या तपासणीत त्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी केमिकल ४८.६ टक्के सापडलं. चालतं जास्तीत जास्त ०.१ टक्का.

दुसरी बातमी १४ ऑक्टोबरची. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला एफएसएसएआयने बंदी घातली. या निर्णयामागे हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांची अनेक वर्षांची लढाई होती.

दोन्ही बातम्यांवर भरपूर रील्स बनल्या, कंपन्यांना शिव्या पडल्या. ते ठीकच आहे. सिरपमध्ये विष आलं ते कारखान्यातून, त्याचा दोष औषध लिहून देणाऱ्यावर टाकता येत नाही. पण त्या गडबडीत एक साधा प्रश्न मागे राहिला. दगावलेली बहुतेक मुलं पाच वर्षांखालची होती. इतक्या लहान मुलांना साध्या सर्दीसाठी असं सिरप लिहून का दिलं जातं?

सूचना तर आधीच आली होती

३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. कारण लहान मुलांचा बहुतेक खोकला व्हायरसमुळे येतो आणि आपोआप बरा होतो. सिरपने फायदा फारसा नाही, साइड इफेक्टचा धोका मात्र असतो.

ही गोष्ट नवीन नाही. डिसेंबर २०२३ मध्येच केंद्रीय औषध नियंत्रकांनी कंपन्यांना सांगितलं होतं की क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना वापरू नये, असा इशारा लेबलवर छापा. कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलसोबत हीच जोडी होती.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर अपडेट रिलीज होऊन जवळपास दोन वर्षं झाली होती, पण खूप दवाखान्यांत ते इन्स्टॉलच झालेलं नव्हतं. का नाही झालं, हे बघायचं असेल तर डॉक्टरांपर्यंत नवीन माहिती पोहोचते कशी, ते आधी समजून घ्यावं लागेल.

सीएमई म्हणजे काय?

एमबीबीएस झाल्यावर डॉक्टरांचं शिक्षण संपत नाही, निदान कागदावर तरी. याला म्हणतात सीएमई, म्हणजे कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार दर पाच वर्षांत किमान ३० तास असं शिक्षण घ्यायचं असतं. महाराष्ट्रात रजिस्ट्रेशन रिन्यू करताना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांचे ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात.

जरा हिशोब करू. ३० तास म्हणजे १८०० मिनिटं. पाच वर्षांचे दिवस १८२६. म्हणजे दिवसाला साधारण एक मिनिट! अर्थात अनेक डॉक्टर याच्या कितीतरी पट जास्त वाचतात, शिकतात. पण नियम मोजतो तो एवढाच.

आणि मोजतो काय? हजेरी. कॉन्फरन्सला गेलात, लेक्चरला बसलात, वेबिनार लावलंत की पॉइंट मिळतात. त्यानंतर सोमवारी ओपीडीत तुमचं प्रिस्क्रिप्शन बदललं का, हे तो पॉइंट सांगत नाही.

आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. आमच्याकडे दरवर्षी सिक्युरिटीचं ऑनलाइन ट्रेनिंग असतं. व्हिडिओ एका टॅबमध्ये, काम दुसऱ्या टॅबमध्ये. शेवटी दहा प्रश्नांची क्विझ, मग सर्टिफिकेट. आणि त्याच आठवड्यात कुणीतरी फसव्या लिंकवर क्लिक करतोच. ट्रेनिंगमध्ये जे सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं असं नाही. क्लिक करताना ते आठवलं नाही, किंवा घाई होती.

सीएमईचा उपयोग शून्य आहे असंही नाही. अशा मीटिंग्ज आणि वर्कशॉप्सवरच्या दोनशेहून जास्त अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये आढावा घेतला. निष्कर्ष असा की प्रत्यक्ष उपचारांमध्ये साधारण ७ टक्क्यांच्या आसपास सुधारणा होते. ७ टक्के वाईट नाहीत, पण तेवढ्याने भागणारही नाही.

याशिवाय स्पॉन्सरशिपचा मुद्दा आहेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवीन नियम काढले होते. औषध कंपन्यांनी स्पॉन्सर केलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांपासून डॉक्टरांनी लांब राहावं, असं त्यात होतं. डॉक्टरांच्या संघटनांनी जेनेरिक औषधांच्या सक्तीसकट बऱ्याच गोष्टींवर आक्षेप घेतला आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले.

माहीत असूनही लिहून देत नाहीत

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. मुलाला जुलाब झाले तर काय द्यायचं? ओआरएस आणि सोबत झिंक. हे प्रत्येक डॉक्टरला पाठ असतं. साध्या जुलाबाला अँटिबायोटिकची गरज नसते. तरीही ओआरएस कमी आणि अँटिबायोटिक जास्त लिहिलं जातं. असं का होतं, यावर भारतातच एक मोठा प्रयोग झाला आणि २०२४ मध्ये तो ‘सायन्स’ या जर्नलमध्ये छापून आला.

कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांत, दोन हजारांहून जास्त खासगी दवाखाने आणि मेडिकल दुकानांत संशोधकांनी ट्रेनिंग दिलेले ‘खोटे पालक’ पाठवले. ते म्हणायचे, घरी दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होतायत. काही जण ओआरएसच्या पाकिटाचा फोटो दाखवून विचारायचे, हे देऊ का? काही जण अँटिबायोटिकचा फोटो दाखवायचे. काही जण काहीच सुचवायचे नाहीत.

ज्यांनी ओआरएसचा फोटो दाखवला, त्यांना ओआरएस मिळण्याचं प्रमाण २७ टक्के पॉइंटनी वाढलं. एका फोटोने! ओआरएस कमी दिलं जाण्यामागे कोणत्या कारणाचा वाटा किती, हेही संशोधकांनी वेगळं काढलं. ओआरएस दुकानात नसणं, ६ टक्के. दुसऱ्या औषधांतून जास्त कमाई, ५ टक्के. आणि ‘पेशंटला ओआरएस नकोच असतं’ हा समज, तब्बल ४२ टक्के. आपल्याकडे येणाऱ्यांपैकी फक्त १८ टक्के लोकांना ओआरएस हवं असतं, असं या मंडळींना वाटत होतं.

आता दुसऱ्या बाजूने बघा. पालक पन्नास-शंभर रुपये रिक्षाला घालवून, रांगेत बसून आत जातात. डॉक्टर म्हणाले, ‘काही नाही, पाणी पाजत राहा, तीन-चार दिवसांत बरं होईल,’ तर बाहेर येऊन काय बोलतात? ‘काहीच दिलं नाही हो. त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला हवं होतं.’ हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर वर्षानुवर्षं पडलेलं असतं. मग सिरपची बाटली लिहून देणं हा वाद टाळण्याचा सोपा रस्ता होतो. यावर अजून एक लेक्चर ऐकवून काय फरक पडणार? लेक्चरमधलं त्यांना माहीतच आहे.

मग एखादं अॅप हे सोडवेल का?

थोडंफार, हो. पण कुठल्या प्रकारचं अॅप, हे महत्त्वाचं. टांझानियामध्ये ४० आरोग्य केंद्रांवर एक चाचणी झाली, तीही २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. २० केंद्रांना ‘ईपॉक्ट प्लस’ नावाचं टॅबलेटवरचं टूल दिलं, २० केंद्रं नेहमीसारखी चालू ठेवली. मूल समोर असताना हे टूल एकेक प्रश्न विचारतं: वय किती, ताप किती दिवस, श्वास मिनिटाला किती. गरज असेल तिथे रक्तातल्या ऑक्सिजनची किंवा बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी सुचवतं. मग सांगतं, इथे अँटिबायोटिक हवं की नको.

नेहमीच्या केंद्रांत ७०.१ टक्के मुलांना अँटिबायोटिक मिळालं. टूलवाल्या केंद्रांत २३.२ टक्के. आणि सात दिवसांनी बघितलं तर मुलं बरी होण्यात काही तोटा झालेला नव्हता.

यातलं तंत्रज्ञान काही भारी नाही. एआय चॅटबॉट नाही, ठरलेल्या नियमांचं झाड आहे: असं असेल तर इकडे, तसं असेल तर तिकडे. फरक पडला तो जागेमुळे आणि वेळेमुळे. शिकवणी हॉटेलच्या हॉलमध्ये न होता मूल समोर असताना झाली. त्यासोबत कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग आणि नंतरही मार्गदर्शन मिळत राहिलं. शिवाय ‘औषध नको’ म्हणायला टेस्टचा आकडा हातात होता. पालकांना समजावताना तो किती कामाला येतो, विचार करा.

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालेल का? अडचणी आहेत. टांझानियातली चाचणी ठराविक केंद्रांत, देखरेखीखाली झाली. आपल्याकडे मूल आजारी पडलं की बहुतेक घरं आधी जवळच्या खासगी दवाखान्यात जातात. तिथे प्रिस्क्रिप्शन कागदावर असतं, गर्दी असते, आणि प्रत्येक पेशंटमागे टॅबलेटवर वीस प्रश्न भरायला डॉक्टर तयार होणं अवघड. टूल कुणी बनवलंय हेही बघावं लागेल. ते औषध कंपनीच्या पैशावर चालत असेल तर स्पॉन्सर्ड सीएमईचाच प्रश्न स्क्रीनवर येईल.

म्हणून माझ्या मते सुरुवात छोटी असावी. हजेरीचे पॉइंट राहू देत, पण त्यातले काही पॉइंट स्वतःची मागच्या महिन्याची पन्नास प्रिस्क्रिप्शन्स तपासण्यासाठी द्या: पाच वर्षांखालच्या किती मुलांना कफ सिरप दिलं, जुलाबाच्या किती मुलांना ओआरएस-झिंक दिलं. कोडिंगमध्ये आम्ही याला रिव्ह्यू म्हणतो. दुसऱ्याने डोळ्याखालून घातल्याशिवाय कोड पुढे जात नाही, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

घरात ताईचं किंवा वहिनीचं बाळ आजारी पडलं की फोन तुमच्याकडेच येतो: ‘बघ रे जरा गुगलवर.’ तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

• जुलाब असतील तर दवाखान्यात आपणच विचारायचं: ‘डॉक्टर, ओआरएस आणि झिंक देऊ ना?’ वरचा प्रयोग आठवा, विचारल्याने फरक पडतो.

• ओआरएस म्हणजे डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली पावडर. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायची. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही.

• खोकल्यासाठी सिरप लिहिलं तर नम्रपणे विचारा: ‘याच्या वयाला चालेल का? औषधाशिवाय थांबून बघू का?’ जुनी उरलेली बाटली किंवा मेडिकलवाल्याने परस्पर दिलेलं सिरप तर नकोच.

• मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि बाळ शांत असताना श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर लगेच डॉक्टरकडे न्या. छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, झटके आले किंवा सुस्त पडलं, तर आकडा मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

आणि डॉक्टरांनी सगळं तपासून ‘औषधाची गरज नाही’ असं सांगितलं, तर बाहेर येऊन ‘काहीच दिलं नाही’ म्हणू नका. त्यांनी तपासलं, काय झालंय ते सांगितलं आणि पुन्हा कधी यायचं तेही सांगितलं. फी त्याचीच असते.