अग्रक्रम कशाला म्हणावे?

महापालिकेची निवडणूक आली की उमेदवारांची पत्रके घरोघर येऊन पडतात. पाणी, रस्ते, गटारे, उद्याने, व्यायामशाळा, प्रवेशकमानी. या याद्यांत नाही असे काही नसते, आणि नेमका यालाच आमचा आक्षेप आहे. ज्याला सर्वच प्रथम करावयाचे आहे, त्याने क्रम लावलेलाच नाही. अमुक कामासाठी तमुक काम मागे ठेवू, एवढे एक वाक्य ज्या पत्रकात नाही, त्याला अग्रक्रमाचे पत्रक म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होय.

वस्तुतः हा क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमाने कर्तव्यांचे दोन वर्ग केले. पाणीपुरवठा, मलनिःसारण, सफाई, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण ही कलम ६३ मधील आवश्यक कर्तव्ये. उद्याने, पोहण्याचे तलाव, नाट्यगृहे ही कलम ६६ मधील ऐच्छिक. आधी भाकरी, मग लोणचे, असा हा सरळ न्याय आहे. परंतु पुण्यासारख्या शहरात फिरून पाहावे, तो जिकडेतिकडे नगरसेवकांची नावे मिरविणारी बाके, कमानी आणि ‘संकल्पना’ अशा अक्षरांखालील नामफलक! जमिनीखालच्या नळावर नाव रंगविता येत नाही, कमानीवर येते. सारे रहस्य एवढेच.

याच पुण्याला निराळे उदाहरणही ठाऊक आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे येथील नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी विरोध केला. नव्या मंडईपेक्षाही शिक्षणावरील खर्च त्यांना अधिक निकडीचा वाटला. ते लोकांनी निवडलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. तरीही सरकारच्या मुख्य प्रतिनिधीच्या सन्मानालाच त्यांनी हरकत घेतली. आज त्या मंडईला त्यांचेच नाव आहे. त्या नावापुढे हात जोडणाऱ्या उमेदवारांनी तो नकारही स्मरावा.

कोणी म्हणेल, लोकांनाच कमानी हव्या असतात. हा युक्तिवाद आम्हास मान्य नाही. मात्र सुशिक्षित मध्यमवर्ग यात अगदी निर्दोष आहे असेही नव्हे. आपल्या सोसायटीपुढे फरशा बसल्या की पलीकडील वस्तीत पाणी किती वाजता येते, याची विचारपूस तो करीत नाही. २०२२ साली पुणे, मुंबई आदी महापालिकांच्या मुदती संपल्या, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांनी कारभार पाहिला. वास्तविक मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी, असे संविधान सांगते. इतका दीर्घ काळ प्रतिनिधींवाचून गेला असता या वर्गाच्या दिवाणखान्यांत त्याबद्दल कितीशी हळहळ झाली?

तेव्हा उमेदवार दारी आला असता, आपण काय काय करणार, हे त्यास विचारूच नये. ते सर्व त्याला पाठ असते. पैसा अपुरा पडल्यास आपण प्रथम कशाला नकार द्याल, आणि तो नकार मागणाऱ्याच्या तोंडावर द्याल काय, हे विचारावे. ज्यापाशी याचे उत्तर नाही, त्याने नगरसेवक होण्याची घाई करू नये. आणि ज्या मतदाराला हा प्रश्न सुचत नाही, त्याने तुंबलेल्या गटाराविषयी तक्रार करू नये.